आज रोख, उद्या उधार

उतागावा हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या 'एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे' या मालिकेतील दोन चित्रे जगभर ठाऊक आहेत. एक ओहाशी पुलावरच्या अवचित सरीचे, दुसरे कामेइदोच्या बागेतल्या फुललेल्या झाडाचे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८७ साली ती दोन्ही तैलरंगांत नकलून काढली आणि तेव्हापासून त्यांचे भाग्य उजळले ते कायमचेच. आम्हांला लिहायचे आहे ते त्याच मालिकेतल्या, त्या मानाने कमी बोलल्या गेलेल्या एका चित्राविषयी. ते १८५६ साली छापले गेले आणि त्याचे नाव आहे 'सुरुगा-चो', म्हणजे सुरुगा पेठ. त्यात पाऊस नाही की फुले नाहीत. आहे तो एका बाजारपेठेचा सरळसोट रस्ता. ब्रुकलिनच्या संग्रहालयात या मालिकेचा संपूर्ण संच आहे आणि त्याच्या प्रतिमा आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. आम्हीही तशाच पाहिल्या.

उभ्या कागदावर, खालच्या अंगाला रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंस दुकानांची लांबच लांब रांग, दारांवरून लोंबणारे निळे पडदे आणि त्यांवर एकच व्यापारी चिन्ह पुनःपुन्हा छापलेले. छपरांच्या कडा दूर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. (खोलीचा भास देणाऱ्या रेषांची ही युक्ती पाश्चात्त्य चित्रांतली, एदोतल्या कारागिरांनी ती हिरोशिगेच्या शंभरएक वर्षे आधीच उचलली होती.) रस्त्यावर माणसे आहेत, घोळक्याघोळक्याने, कोणी येणारी, कोणी जाणारी. आणि या सगळ्याच्या माथ्यावर, ढगांच्या एका आडव्या पट्ट्याने पेठेपासून तोडलेला, फुजी पर्वत. पेठेचे नावच मुळी त्याच्यावरून पडले, कारण या रस्त्यावरून पाहिले असता सुरुगा प्रांतातला तो डोंगर समोर दिसत असे. डोंगराखाली माणसे मुंग्यांएवढी दिसतात, पण चित्रकाराने एकालाही केविलवाणे केलेले नाही. बाजाराला निघालेला माणूस जसा असतो, आपल्याच नादात, तशी ती आहेत.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंची ती दुकाने एकाच घराण्याची, मित्सुईंची. दुकानाचे नाव एचिगोया. मित्सुई ताकातोशीने ते १६७३ साली एदोत काढले आणि १६८३ साली सुरुगा पेठेत हलवले. त्याआधीची रीत अशी की कापडवाल्याने माल घेऊन उमरावांच्या वाड्यांवर जायचे, भाव चढवून सांगायचा, घासाघीस करायची, आणि पैसे मिळायचे ते वर्षातून एकदोनदा, ठरल्या सणाला. ताकातोशीने हे सारे मोडले. गिऱ्हाइकाने दुकानात यावे, भाव एकच, पैसे तेथल्या तेथे, आणि कापड हवे तेवढे, वीतभरसुद्धा, कापून मिळेल. होकुसाईनेही ही पेठ काढली आहे, १८३० नंतरच्या दोनचार वर्षांत. त्याच्या चित्रात छपरावर कौलारू चढले आहेत, आकाशात पतंग आहेत आणि दुकानाच्या पाटीवर शब्द आहेत: रोख पैसे, चढा भाव नाही.

या पाटीपाशी आम्ही अडखळतो. आमच्या मुरबाडच्या पेठेतही पाटी असे. ठाणे जिल्ह्याच्या, किंबहुना अवघ्या महाराष्ट्राच्या दुकानांतून ती टांगलेली असे, आणि अजूनही क्वचित दिसते: 'आज रोख, उद्या उधार'. मित्सुईंची पाटी हा धंद्याचा नियम होता. आमची पाटी हा विनोद होता, आणि तो विनोद आहे हे दुकानदारालाही ठाऊक होते, गिऱ्हाइकालाही. त्या पाटीखाली बसूनच उधारीची वही लिहिली जाई.

उधारीवाचून तेथे दुकान चाललेच नसते. मुरबाड आणि शहापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याचे. पाऊस उदंड, पण शेती एका पिकाची, भाताची, आणि वरकस जमिनीत नाचणी-वरीची. भात कापले जाते ते दिवाळीच्या आगेमागे. होळी सरेपर्यंत ते पुरले तर पुरले. आषाढ-श्रावणात, म्हणजे लावणीचे सर्वांत कष्टाचे काम अंगावर असते नेमके तेव्हा, ठाकराच्या, कातकऱ्याच्या, महादेव कोळ्याच्या घरातली कणगी रिकामी असते. त्या दिवसांत दुकानातून जे धान्य उचलायचे त्याला खावटी म्हणत. खावटी फेडायची ती नव्या भाताने, दिढीने किंवा दुपटीने. याहून कठीण प्रकार पालेमोडीचा. पीक अजून हिरवे आहे, दाणा भरलेला नाही, अशा वेळी ते पडत्या भावाने लिहून घ्यायचे. ज्याच्या खळ्यावर भात यायचे त्याच्यापाशी ते येण्याआधीच दुसऱ्याचे झालेले असे. पुढे मग वीटभट्टीची आणि कोळसाभट्टीची उचल, लग्नासाठी काढलेले कर्ज, आणि त्या कर्जापायी राबणारी नवराबायको. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. तोवर ती व्यवहारच समजली जात होती.

सुरुगा पेठेच्या चित्रात ज्याच्यापाशी रोकड नाही असा माणूस नाही. त्याला त्या दुकानात काम नव्हते.

जपानी वाङ्मयात व्यापारी हा नायक होऊ शकतो. साइकाकूने १६८८ साली व्यापाऱ्यांच्या उत्कर्षाच्या आणि दिवाळखोरीच्या गोष्टींचे आख्खे पुस्तक लिहिले आणि त्यात याच सुरुगा पेठेतल्या दुकानाचे कौतुक केले. आमच्याकडे असे काही आठवू जावे तर हाताला काय लागते? नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा, बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा मूकपट 'सावकारी पाश'. फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. आणि दुकानदाराच्या कुळात जन्मलेले आमचे सर्वांत मोठे कवी, देहूचे तुकोबा. त्यांच्याविषयी परंपरा काय सांगते, तर दुष्काळानंतर त्यांनी घरातल्या कर्जखतांपैकी धाकट्या भावाच्या वाट्याची अर्धी खते त्याला दिली आणि उरलेली इंद्रायणीत बुडवली. मराठी मनाला वाण्याचे जे एकच रूप पूज्य वाटले ते आपली वही पाण्यात सोडणाऱ्या वाण्याचे. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्या मुलखात १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन मुख्यतः कागदच जाळले, त्या मुलखाची ही निवड समजण्यासारखी आहे. त्या दंग्यांत माणसांच्या जिवापेक्षा वह्यांवर रोख होता, ही गोष्ट इतिहासकारांनी नोंदवली आहे. शत्रू कोण ते लोकांना नेमके कळले होते. तो दुकानात बसलेला माणूस नव्हे, त्याच्या मांडीवरचा कागद होता.

अर्थात एदो तरी कोठे एवढे प्रसन्न होते? १७८७ साली तांदूळ महागला तेव्हा तेथल्या गरिबांनी तांदळाची दुकाने फोडली, पोती रस्त्यावर ओतली. दोनच वर्षांनी, १७८९ मध्ये, सरकारने तांदूळ-दलालांकडचे सामुराईंचे सहा वर्षांहून जुने कर्ज रद्द केले. म्हणजे तेथेही वही होती, पाश होता. हिरोशिगेच्या चित्रात ते काही नाही. आणखीही एक गोष्ट त्यात नाही. १८५५ च्या नोव्हेंबरात एदोत मोठा भूकंप झाला होता, शहराचा बराच भाग जळाला, कोसळला. ही मालिका त्यानंतर काही महिन्यांतच सुरू झाली. चित्रातली पेठ इतकी सरळ, इतकी नीट आहे, तिचे एक कारण हे असावे असे आम्हांला वाटते. नुकतेच ज्याने पडलेले शहर पाहिले आहे तो उभे शहर असेच काढील. १८५८ साली पटकीच्या साथीत हिरोशिगे गेला.

शिवाय हे चित्र स्वतःच बाजारातली वस्तू होते हे विसरून चालत नाही. चित्रकार नुसते रेखाटन देई. जंगली चेरीच्या फळ्यांवर ते कोरणारा वेगळा, एकेका रंगाची एकेक फळी शाई लावून कागदावर घासून छापणारा वेगळा, आणि पैसे घालणारा प्रकाशक या सर्वांच्या वर. किंमत साध्या गिऱ्हाइकाला परवडेल अशीच. सुरुगा पेठेत कापड घ्यायला आलेला माणूस परतताना सुरुगा पेठेचे चित्र घेऊन घरी जाऊ शके. आमच्या पेठेला हे भाग्य लाभले नाही. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे निदान रावबहादूर धुरंधरांच्या कुंचल्यात सापडली. मुरबाडकडे चित्रकार फिरकला नाही. पेठेचे जे काही कागदावर उतरले ते वहीत.

ती वही आमच्या घरी आहे. आजोबांचे पेठेत दुकान होते. पुढे ओटा, दर्शनी बाजूला खाचेत बसवायच्या फळ्या, रात्री दुकान बंद करताना त्या क्रमाने लावाव्या लागत म्हणून प्रत्येकीवर आकडा घातलेला. मीठ, तेल, गूळ, तंबाखू, सुके बोंबील आणि जवळा, थोडे जाडेभरडे कापड. लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या, दर लक्ष्मीपूजनाला नवी. जुन्या मोडीत, नंतरच्या बाळबोधीत. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'श्री', खाली नाव, जात, पाडा. आणि मग पायली, अधोली, शेर यांच्या उतरंडी. पानाच्या शेवटी निळसर काळा अंगठा. वहीत अक्षर एकाच माणसाचे आहे, अंगठे शेकडो जणांचे. आजोबा या सावकारांतले मोठे नव्हेत, पण खावटी ते देत आणि दिढीने घेत, हे वहीत स्वच्छ आहे.

त्यांतली अखेरची वही १९७५ ची. त्या वर्षी आणीबाणीत महाराष्ट्रात छोट्या शेतकऱ्यांना, मजुरांना आणि कारागिरांना खाजगी कर्जातून मुक्त करणारा कायदा झाला. महामंडळाची एकाधिकार खरेदी आणि सरकारी खावटी कर्जे याच सुमाराची. आजोबांनी सगळी पाने आडवी रेघ मारून बंद केली आणि वह्या माळ्यावर टाकल्या. घरात यावरून वाद होता. आजी धार्मिक होती. तिचे म्हणणे, तुकोबांनी केले तेच करावे, मुरबाडीच्या नदीत सोडून द्याव्या, मागचे मागे राहील. आजोबा म्हणत, "पाण्यात सोडल्या तर घेतलेले परत जाणार आहे का?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. वह्या माळ्यावरच राहिल्या.

काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्याकडे आला. ठाकर समाजाचा, तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरचा. त्याला जातीच्या दाखल्यासाठी कागद हवा होता. १९५० पूर्वी त्याचे कुटुंब याच मुलखात राहात होते आणि ठाकरच होते, हे दाखवणारा कोणताही कागद. आजोबा शाळेत गेले नव्हते, जमीन नावावर नव्हती, जन्माची नोंद कोतवालाने केली असली तर ती पाने कचेरीत सापडत नव्हती. गावातल्या कोणीतरी त्याला सांगितले होते की तुझ्या आजाचे खाते या दुकानात होते. "शेट, बघा ना, आजाचं नाव हाय का त्यात," एवढेच तो म्हणाला.

आम्ही माळ्यावरून वह्या काढल्या. मोडी वाचणारे गृहस्थ कल्याणहून आणावे लागले. चौथ्या वहीत ते पान निघाले. नाव, पुढे 'ठाकर', पुढे पाड्याचे नाव, शके १८६९ चा श्रावण, नाचणी, मीठ, एक लुगडे, आणि अंगठा. तो अंगठा त्या मुलाने बराच वेळ पाहिला. आजाचा फोटो घरात नव्हता, कधी काढलाच नव्हता. मग त्याने खिशातून मोबाईल काढून त्या पानाची छबी घेतली आणि विचारले की फेडले होते का. पानावर रेघ होती, पण ती १९७५ सालची. आम्ही त्याला ते तसेच सांगितले. तो हसला. कचेरीने तो कागद ग्राह्य धरला नाही. खाजगी दुकानाच्या वहीला तेथे मोल नव्हते. दाखल्याचे काम पुढे कसे आणि किती वर्षांनी झाले ते लांबण आहे. असो.

तेव्हापासून 'सुरुगा-चो' पाहताना आमची नजर पडद्यांवरच्या त्या चिन्हावर जाते. विहिरीची चौकट आणि तिच्या आत तीनचा आकडा, असे ते मित्सुईंचे चिन्ह. घराण्याने आपला ठसा गावभर उमटवला. आमच्या पेठेत ठसा उमटवला तो गिऱ्हाइकाने, आणि तोही वहीच्या आत.

या दोन पेठांचा एकमेकींशी संबंध जोडणे ही केवळ आमची लहर नव्हे. मित्सुईंची व्यापारी कंपनी १८९३ साली मुंबईत आली ती कापूस विकत घ्यायला. त्याच वर्षी जमशेटजी टाटांच्या खटपटीने मुंबई ते कोबे अशी जपानी बोटींची फेरी सुरू झाली. जपानी गिरण्यांना जो आखूड धाग्याचा कापूस लागे त्यातला पुष्कळसा वऱ्हाड-खानदेशातला. तो मुंबईला पोहोचायचा मुख्य लोहमार्ग, इगतपुरीहून थळ घाट उतरून कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद. म्हणजे अवघा शहापूर तालुका ओलांडून. घाटातला हा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. सुरुगा पेठेतल्या निळ्या पडद्यांचा मालक आमच्या शेजारच्या तालुक्यातून, डब्यांना कुलूप लावून, असा जात राहिला. शहापूरने त्याचा कापूस फक्त जाताना पाहिला. पुढे तानसाचे आणि भातसाचे पाणीही असेच गेले, नळांतून, मुंबईला; उन्हाळ्यात तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहात असतात. दुकानातून न विकला जाणारा माल हाच या भागातला सर्वांत मोठा माल ठरला.

वाटेवरून जाणाऱ्याचा जमाखर्च वाटेपाशी राहाणाऱ्याच्या नावे नसतो, हे येथे जुनेच आहे. मुरबाडहून सरळगाव, टोकावडे, वैशाखरे असे माळशेजच्या रस्त्याने गेले की उजव्या हाताला नाणेघाटाचा कडा दिसतो. जुन्नर ते कल्याण-सोपारा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग येथून चढे. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांचे आकडे ओळीने कोरले आहेत. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजणही आहे. ओझे घेऊन चढणाऱ्या हमालाची नोंद मात्र कोठे नाही. त्या कड्याच्या टोकाला मुरबाडकडचे लोक 'नानाचा अंगठा' म्हणतात. सुरुगा पेठेच्या माथ्यावर फुजी, आमच्या पेठेच्या वाटेवर अंगठा. हे कोणी कोणासाठी योजलेले नाही, पण वही हाताळल्यापासून तो कडा आम्हांला पूर्वीसारखा दिसत नाही.

मुरबाडच्या पेठेचे चित्र कोणी काढलेच असते तर ते कसे असते, असे कधी मनात येते. सरळ रेषांत ती पेठ मावली नसती. पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेला निघालेली बैलांची खिल्लारे, घोंगड्यांचे गठ्ठे घेतलेले घाटावरचे धनगर, उन्हात पसरलेले सुके मासे, ओट्यावर टेकलेला वाणी, आणि ओट्याखाली, पायरीवर, वर न येता बसलेले गिऱ्हाईक. ती पायरी चित्रकाराने चुकवता कामा नये, एवढीच आमची अट.

दुकान आता नाही. त्या जागी मोबाईलचे दुकान आहे. काउंटरवर पैसे भरण्याचा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा छापील चौकोन चिकटवलेला आहे, पेठेतल्या जवळजवळ प्रत्येक दुकानात तो आहे. उधारी गेली असे मात्र नव्हे. ती आता हप्त्यांत भरायची असते, आणि अंगठा यंत्रावर उमटतो. रेशनच्या दुकानात तो न जुळल्यामुळे परत पाठवलेल्या म्हाताऱ्या आम्ही पाहिल्या आहेत. चुना, माती आणि विळ्याने अंगठे झिजलेले असतात.

पहिला पाऊस पडण्याच्या सुमारास ठाकर आणि कातकरी बाया शेवळे घेऊन पेठेत येतात. दुकानांच्या ओळीला पाठ करून, रस्त्याच्या कडेला, सागाच्या पानावर वाटे मांडतात. सोबत काकडाची चार फळे, कारण त्यांच्या आंबटपणावाचून शेवळ्याची खाज जात नाही. तराजू नसतो. परवाच एक जण, गाडीतून उतरलेला, कल्याण-डोंबिवलीकडचा असावा, तीन वाट्यांना दोन वाट्यांचे पैसे देऊ पाहात होता आणि सुटे नाहीत म्हणून उरलेले परतताना देतो म्हणत होता. बाईने मान वर न करता त्याच्या पिशवीतला एक वाटा काढून पुन्हा पानावर ठेवला. "परतताना घे मंग," ती म्हणाली.